बंदूक घेतली आणि पस्तावलो: लायसन्सवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी साताऱ्याचा. फौजेत २२ वर्षं काढली, त्यातली निम्मी कोतात गेली, कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली, तिथं तेल, चिंदी आणि फुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) एवढाच संसार. रिटायर झाल्यापासून पाव्हणे, बागायतदार, बँकेत गार्ड असलेले गडी सगळे एकच घेऊन येतात, "मेजर, एवढं पैसं घातलं आणि हे चालतच नाय." (मी हवालदार होतो, पण आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक जण मेजरच.) तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून लिहून काढतोय. आधीच सांगतो, मी दुरुस्ती करत नाही, त्याला वेगळं लायसन्स लागतं, मी फक्त बघून सांगतो.

प्र. बंदूक आवडली नाही तर दुकानदार परत घेतो का?

विसरा. मोबाईल नाहीये तो, सात दिवसात बदलून मिळायला. घेतली की तिचा नंबर तुमच्या लायसन्सवर चढतो, कलेक्टर ऑफिसला नोंद होते, आता दुकानदाराच्या मनात आलं तरी तो सहज परत घेऊ शकत नाही. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं, आधी तीन होती. म्हणजे एक भंगार घेतलं की तुमची निम्मी जागा गेली.

आणि मला खरं नवल कशाचं वाटतं सांगू का, खरसुंडीच्या बाजारात साधा खोंड घ्यायचा तर आपण दात बघतो, खुरापर्यंत हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो, मग रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो. तोच माणूस लाखाची बंदूक काचेच्या कपाटातनं काढून हातात धरतो, फोटो काढतो आणि पिशवीत घालून घरी येतो. एकदा घोडासुद्धा ओढून बघत नाही.

प्र. सगळ्यात जास्त पस्तावा कुठल्या बंदुकीचा होतो?

लोकांना वाटतं मी एखाद्या कंपनीचं नाव घेईन. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त पस्तावलेले लोक म्हणजे जुनी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, "ओळखीतनं स्वस्तात" घेतलेले. त्यात मी पण आलो, लाज वाटते पण सांगतो.

रिटायर झाल्यावर गार्डची नोकरी बघत होतो, स्वतःचं हत्यार असलं की नोकरी पटकन लागते. तालुक्यातल्या एका ओळखीच्यांकडं डबल बार होती, दस्ता अक्रोडाचा, पॉलिश असं की तोंड दिसावं. बावीस वर्षं दुसऱ्यांची हत्यारं तपासलेला मी, स्वतःची घेताना दस्त्यावर भाळलो. कागदपत्रं केली, आणली, पाच काडतुसं घेऊन रेंजवर गेलो. डावी नळी सुटली दणक्यात. उजवी, टक. परत भरली, टक. पाचातली तीन फुसकी. काडतूस काढून बुडाची टोपी बघितली तर तिच्यावर खड्डा पडायच्या जागी नखानं दाबल्यासारखी नुसती खूण. उजव्या पिनचं टोक झिजलेलं आणि स्प्रिंग मेलेली. आधीच्या मालकानं वीस वर्षं कधी उजवा चाप ओढलाच नव्हता, त्याला तरी कुठं माहीत असणार. मी मात्र विचारायला पाहिजे होतं की शेवटचा बार कधी काढला. दस्ता बघत बसलो.

प्र. मग जुनी डबल बार घेताना बघायचं काय?

आधी उघडून रिकामी आहे का बघा, मग पुढचं. पुढची लाकडी पकड काढा, बंदूक बंद करा, दस्ता घट्ट धरून नळ्या हलवा. जरा जरी खुळखुळ वाटली, खटखट आवाज आला तर सांधा ढिला झालाय, मालक कितीही म्हणू दे की एवढं चालतंय. उघडून नळी उजेडाला धरा, आत गोल सावल्या सरळ दिसल्या पाहिजेत, सावली कुठं मोडली की तिथं पोचा नाहीतर फुगवटा. काळे ठिपके म्हणजे गंजानं खाल्लेलं.

आता लय महत्त्वाचं आणि कुणीच न बघणारं. जुन्या इंग्लिश बंदुकांच्या बऱ्याच नळ्यांचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची काडतुसं बहुतेक ७० ची. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या घरात बसतं, झाकण पण लागतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण ही लांबी उडाल्यानंतरची असते, बार निघाल्यावर काडतुसाचं तोंड उलगडायला जागा लागते आणि ती तिथं नसते, मग दाब वाढतो. शंभर वर्षांच्या नळीला ते झेपलं तर झेपलं.

नळीवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा साडीच्या काठासारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली. दिसायला झकास. काळ्या दारूच्या जमान्यातली, आजच्या बिनधुराच्या काडतुसाला नाही. तिला दिवाणखान्यात टांगायचं, तेही लायसन्स घेऊनच.

प्र. .३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं, पण दहा पावलांवरचा डबा पण लागत नाही. पीस खराब आहे का?

असेल पण. नव्वद टक्के वेळा मात्र बोट खराब असतं. रिव्हॉल्व्हरचा चाप सरळ ओढला तर तोच हॅमर मागं नेतो, सिलेंडर (काडतुसं भरायचा गोल भाग) फिरवतो आणि मग सोडतो, एवढी सगळी कामं एका बोटावर, त्यामुळं चाप जड लागणारच. माणूस बोटानं ओढता ओढता अख्खा पंजा ओढतो आणि नळी खाली जाते. छोट्या नळीला तेवढं हलणं पुरतं. हॅमर अंगठ्यानं मागं घेऊन सावकाश मारून बघा, नेम जमला तर पीस ठीक आहे, तुमचा हात शिकायचा राहिलाय.

पण पस्तावा खोटा नाही, तो वेगळ्या कारणानं होतो. पिक्चरमध्ये गोळी लागली की माणूस चार फूट मागं उडतो, ते डोक्यात ठेवून लोक .३२ घेतात. ही काडतुसं १८९० च्या दशकातली, ताकद १५० ते १८० ज्यूलच्या आसपास. फौजेची ९ मिलिमीटर ४५० च्या वर जाते, पण ती प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं माप, साध्या लायसन्सवर मिळत नाही. म्हणून आपल्याकडं सगळे .३२ वर येतात. २०१४ ला महिलांसाठी म्हणून निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर आलं, अर्धा किलोच्या आसपास वजन, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. २०२३ ला प्रबळ नावाचं आलं, त्याचं सिलेंडर बाजूला उघडतं, जुन्यासारखं मधून मोडावं लागत नाही. काडतूस मात्र तेच. हलकं हत्यार पर्समध्ये बरं, हातात जास्त उसळतं, दोन्ही कुठनं मिळणार?

बघायचं असेल तर हे बघा: रिकामं असताना हॅमर मागं घेऊन सिलेंडर बोटानं डुलवा. थोडीशी हालचाल असतेच, पण डगडग हलत असेल तर भोक आणि नळी एका रेषेत येत नाहीत, मग गोळी घासून आत शिरते आणि शिशाचे कण बाजूनं उडतात. शेजारी उभं राहणाऱ्याला विचारा.

प्र. डब्यावर ७.६५ लिहिलंय, हत्यारावर पण .३२ आहे, तरी बसत नाही, असं कसं?

कारण दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं ७.६५ बाय १७, रिव्हॉल्व्हरचं ७.६५ बाय २३. दोघांना लोक .३२च म्हणतात. पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये सरकतं म्हणून घालू नका. डब्यावरचा दुसरा आकडा वाचा, एवढंच.

प्र. पिस्तूल सारखं अडकतंय, विकून टाकू का?

थांबा. फौजेत याला "रोक" म्हणतात आणि रोक आली की शिव्या द्यायच्या नसतात, कारण शोधायचं असतं. .३२ पिस्तुलात माझ्या अनुभवानं क्रम असा लागतो: आधी मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी), मग काडतूस, मग हात, आणि सगळ्यात शेवटी पिस्तूल.

लोक मॅगझिन भरून कपाटात ठेवतात आणि पाच वर्षांनी लायसन्स रिन्यूच्या वेळी बाहेर काढतात, तोवर आतल्या तेलाचा गोंद झालेला असतो. मॅगझिनचे वरचे ओठ पडून वाकले असतील तर गोळी वर बघते नाहीतर खाली. शिवाय या काडतुसाच्या बुडाला बारीकशी कड आहे, भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागं गेली की दोघं एकमेकात अडकून बसतात, मग कितीही झटका द्या. म्हणून प्रत्येक काडतूस मागं दाबून, आधीच्याच्या पुढं कड ठेवून भरायचं. आणि हात. मनगट सैल सोडलं की स्लाईडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला, मागं जायला टेकूच मिळत नाही, निम्म्यात येऊन खोका (उडालेल्या काडतुसाचं रिकामं टरफल) अडकतो. एका बागायतदारांचं पिस्तूल "सारखं अडकणारं" म्हणून माझ्याकडं आलं, रेंजवर मनगट ताठ धरून मॅगझिन रिकामं केलं, एकदाही अडकलं नाही. ते तोंडाकडं बघत राहिले.

हे सगळं करून पण अडकत असेल, तर मग पीसच तसा आहे. असतात तसे पण. माझ्या एका मित्राचं नवंकोरं पिस्तूल दर तिसऱ्या गोळीला खोका धरून बसायचं, आतली खोका ओढणारी आकडी नीट घासलेलीच नव्हती. लेखी तक्रार, बिलाची झेरॉक्स, फेऱ्या, असं करून आठ महिन्यांनी काम झालं. आठ महिने दीड लाखाचं पेपरवेट.

प्र. पंप ॲक्शन कशी?

पुढची पकड मागं-पुढं ओढून काडतूस भरायची ती बंदूक. चांगली, फक्त हात आखडता घेऊ नका. घाबरून अर्धवट पंप मारला की रिकामा खोका बाहेर पडत नाही आणि नवीन काडतूस त्याच्यावर येऊन चढतं. मागं म्हणजे पार मागं. गार्डच्या नोकरीतल्या पोरांनी डमी काडतुसांवर रोज दहा वेळा करावं.

प्र. .३१५ रायफल घ्यावी का, गावात रुबाब असतो.

रुबाबासाठी घेतलेलीच सगळ्यात आधी विकायला निघते. मुळात ली-एनफिल्डच्या, म्हणजे इंग्रज फौजेच्या जुन्या रायफलच्या घडणीवरची, मजबूत, तिला नावं ठेवणार नाही. पण जड आहे, खांद्याला दणका बसतो, आणि गोळी चुकली तर किलोमीटरच्या पुढं जाऊन पडते. कराड-वाळव्याकडं चारी बाजूंनी ऊस, उसात कोण पाणी पाजतोय, कोण तोडणी करतोय तुम्हाला दिसत नाही. तिथं ही रायफल काय कामाची? घराच्या राखणीला बारा बोअरच बरी.

प्र. आमच्याकडं बिबट्या येतो, रानडुक्कर भुईमूग उकरतंय, गवे घुसतात. कुठली घेऊ?

शिराळा, पाटण, चांदोलीच्या कडेची मंडळी हे सगळ्यात जास्त विचारतात आणि त्यांचं दुखणं खरं आहे, एका रात्रीत पीक झोपतं. पण बिबट्या आणि गवा दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, बंदूक कुठलीही असू दे, मारला की तुम्ही आत. रानडुकरावर पण परस्पर गोळी चालत नाही, वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही लाख घालताय ते काम त्या बंदुकीनं करताच येत नाही. याच्याएवढा पस्तावा दुसरा नाही. पीकनुकसानीचा पंचनामा आणि अर्ज वेळेत करा, तारेचं कुंपण, रात्रीची राखण, फटाके. रुक्ष उत्तर आहे, माहितीये.

आणि ती पाईपमध्ये कार्बाइड घालून आवाज काढायची "गन" मिळते, माकडं पळवायला, ती तर अजिबात आणू नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिनं कितीतरी पोरांचे डोळे गेले.

प्र. पावसाळ्यात बंदूक बिघडते, कंपनीचा दोष का?

कंपनीला काय बोलता, महाबळेश्वर-कोयनेच्या पावसात गोदरेजचं कपाट गंजतं. चामड्याच्या कव्हरात बंदूक ठेवणारे तर स्वतःच्या हातानं गंज लावतात, चामडं ओल धरतं. कागदी खोक्याची काडतुसं फुगतात आणि घरात बसत नाहीत, मग गडी अंगठ्यानं ठोकून बसवतो, ते कधी करू नका. आणि माण-खटाव-जतकडं उलटं, तिथं धूळ, तिथं जास्त तेल लावलं की तेल आणि धुळीची पेंड होते.

दुसरं एक, वापरात नसलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. हसू नका, मी दोन काढलीत. नळीत अडथळा असताना बार काढला तर नळी फुटते, म्हणून आधी आरपार उजेड बघायचा.

२०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पलूसकडच्या एका पाव्हण्यांची डबल बार तेव्हा माळ्यावर राहिली, घरातली माणसं काढणार का बंदूक काढणार. आठवड्यानं मिळाली तेव्हा दस्ता पावासारखा फुगलेला, कुलपात (चाप-हॅमरच्या यंत्रात) गाळ, आणि त्यांनी वरनं फडक्यानं पुसून उन्हात ठेवली. वरनं चकाचक, आतनं सगळं धरलेलं. पुराचं पाणी गेलं की लगेच लायसन्सवाल्या कारागिराकडं खोलून घ्यायची. काडतुसं वाळवून वापरायची नाहीत, जमा करायची.

प्र. इलेक्शनला ठाण्यात जमा केली, परत आली ती गंजून. कुणाला धरायचं?

कुणालाच धरता येत नाही. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा, दोनदा जमा झाल्या कित्येकांच्या. देताना आतनं-बाहेरनं तेलाचा हात मारा, नळीत तेलाची चिंदी फिरवा, आणि पोचपावतीवर नंबरसोबत "चालू स्थितीत, गंज नाही" एवढं लिहून घ्यायचा प्रयत्न करा, समोर उभं राहून फोटो काढा. परत आणल्यावर चिंदी काढल्याशिवाय बार काढू नका. बँकेच्या गार्डांना जमा करण्यातनं सूट मिळू शकते, तसा अर्ज आधी द्या.

प्र. जुनी फॉरेनची पिस्तुलं लाखोंना जातात, घेण्यासारखी असतात का?

१९८० च्या दशकात सामान्य माणसाला बाहेरनं हत्यार आणणं बंद झालं, तेव्हापासून देशात जे आहे तेच फिरतंय, म्हणून भाव. तुम्ही पैसे नावाला मोजता. स्प्रिंग गेली, पिन तुटली तर ओरिजनल पार्ट येणार कुठनं? मग कोणतरी घासून बसवतो आणि जर्मन पिस्तुलाच्या पोटात मिरजेचा पार्ट. मिरजेत सतारी झकास होतात, पिस्तुलाच्या पिना नाही.

प्र. एअर गन महिन्यात बिघडली, नेमच लागत नाही.

रिकामीच उडवली ना? छर्रा न घालता उडवली की पिस्टन हवेच्या गादीशिवाय पुढं जाऊन आदळतो, सील फाटतं. घरात पोरंटोरं आली की प्रत्येकानं दोनदा रिकामी उडवायची, हे ठरलेलं. दुसरं, स्प्रिंगची गन पुढं-मागं दोन्हीकडं झटका देते, त्यामुळं साधी स्वस्तातली दुर्बीण तिच्यावर टिकत नाही, आतल्या काचा हलतात आणि रोज नेम वेगळीकडं. विकणारा हे सांगत नाही. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंत लायसन्स लागत नाही, त्याच्या वर लागतं. ५.५ ची "जास्त पॉवरवाली" गुपचूप आणलेली असेल तर पस्तावा पोलीस करून देतील.

पॅरिसला २०२४ मध्ये शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ब्रॉंझ घेतलं तेव्हापासून बाप लोक पोराला असली गन घेऊन देतात. नेमबाजी शिकवायची असेल तर आधी क्लबात सहा महिने त्यांच्या रायफलवर मारू द्या. पोराला आवड आहे का कळेल, गन नंतर.

प्र. एवढ्या पैशात गावठी येतं की.

येतं. नळी कशाची आहे बनवणाऱ्यालाच माहीत नसतं, फुटली की अंगठा जातो, आणि न फुटता सापडलात तर कमीत कमी दोन वर्षं. पुढचा प्रश्न.

प्र. मोठ्या देशांच्या फौजा पण अशा फसल्यात का?

फसल्यात की! कॅनडानं पहिल्या महायुद्धात रॉस रायफल नेली, चांदमारीला एक नंबर, पण १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात बोल्ट उघडेना, सैनिक ती टाकून मेलेल्या इंग्रजांच्या ली-एनफिल्ड उचलायला लागले. फ्रेंचांच्या शोशा मशीनगनच्या मॅगझिनला बाजूनं उघडी खिडकी होती, किती गोळ्या उरल्या ते दिसावं म्हणून, खंदकात त्या खिडकीतनं चिखल आत. जपानचं टाईप ९४ पिस्तूल बाजूची पट्टी दाबली तरी सुटायचं. अमेरिकेत रेमिंग्टनला २०१४ ला आर-५१ हे नवीन पिस्तूल बाजारात आणून परत मागवायला लागलं. आपल्या फौजेच्या इन्सास रायफलची मॅगझिनं कारगिलच्या थंडीत तडकल्याचं सगळ्यांना माहितीये.

पण मला सगळ्यात पटणारी गोष्ट व्हिएतनाममधल्या अमेरिकन एम-१६ रायफलची. रायफल चांगली, पण काडतुसातली दारू बदलली, चेंबरला (काडतूस बसतं त्या घराला) क्रोमचा मुलामा दिला नाही आणि वर सैनिकांना सांगितलं की हिला फारशी सफाई लागत नाही, सफाईचं सामान पण पुरतं दिलं नाही. ऐन लढाईत अडकायला लागल्या. क्रोम दिलं, सामान दिलं, शिकवलं, तीच रायफल आजही तिच्या पोराबाळांसकट चालू आहे.

प्र. फुसका बार झाला तर लगेच उघडून बघू का?

नाही! नळी तशीच समोर धरून तीस सेकंद तरी थांबा, कधीकधी उशिरा सुटतो. आणि आवाज बसका आला, धक्का कमी लागला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते, दुसरा बार काढायचा नाही, रिकामी करून नळी बघायची.

प्र. वरातीत दोन बार काढले तर हत्यार कसं आहे ते पण कळेल ना?

दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. डीजेवाला बोलवा.

प्र. नकोच झालीये, विकायची कशी?

घेणाऱ्याकडं त्याच बोअरचं लायसन्स पाहिजे. आधी लेखी कळवायचं, ४५ दिवस जाऊ द्यायचे, मग देवाणघेवाण आणि दोघांच्या लायसन्सवर नोंद. दुकानदाराला दिली तर लवकर सुटता, पण भाव पाडून मागतो. वय ७० झालं असेल किंवा हत्यार २५ वर्षं तुमच्याकडं असेल तर वारसाच्या नावावर करायला अर्ज देता येतो, फक्त पोराला खरंच पाहिजे का ते विचारा, बरीच पोरं नाही म्हणतात आणि बापाला ते गेल्यावर कळतं. म्हणजे कळतच नाही.

विकताना दोष लपवू नका. माझी ती डबल बार मी परवान्याच्या कारागिराकडनं नवीन पिन आणि स्प्रिंग घालून घेतली, खर्च बंदुकीच्या निम्म्यावर गेला. आता दोन्ही नळ्या सुटतात. बायको अजून म्हणते, दस्ता मात्र छान आहे हो.